हरकत म्हणजे आपत्ती नव्हे



आपल्या भोपाळात वर्तमानपत्रात किंवा कार्यालयाच्या फलकावर ‘आपत्ति एवं सुझाव आमंत्रित हैं’ अशी सूचना अधूनमधून दिसते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना तिची गंमत वाटते. हिंदीत ‘आपत्ति’ म्हणजे हरकत. मराठीत मात्र ‘आपत्ती’ म्हणजे संकट. गंमत बाजूला ठेवली तरी बांधकाम करणाऱ्याला आणि परवानगी देणाऱ्याला लोकांची हरकत पुष्कळदा संकटच वाटते, हे खरे. ती तशी का नाही, ती कशी लिहावी आणि तिला उत्तर कसे द्यावे, हे या पाठात पाहू. उदाहरण घेऊ जुन्या वास्तूशेजारी येणाऱ्या उंच टॉवरचे.

विचारण्याची पद्धत कशी आली?

मुंबईचे ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झाले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या अगदी शेजारी, जुन्या ग्रीन्स हॉटेलच्या जागी, टॉवर उभा राहिला. आज गेटवेसमोर उभे राहिले की दोन्ही इमारती एकाच नजरेत येतात. कोणाला ती जोडी आवडते, कोणाला खटकते. पण त्या काळी मुंबईत वारसा वास्तूंची नियमावली नव्हती. जुन्याशेजारी नवे कसे असावे, हे तपासणारी समितीही नव्हती. ही नियमावली १९९५ साली आली. सहाशेहून अधिक वास्तू यादीत आल्या, त्यांच्या तीन श्रेणी ठरल्या आणि सल्ला देण्यासाठी समिती नेमली गेली.

पुढे २०१२ साली महापालिकेने आणखी आठशेहून अधिक वास्तू व परिसरांची यादी जाहीर केली आणि हरकती-सूचना मागवल्या. तीत दादरचा शिवाजी पार्क परिसर होता. तेथील अनेक रहिवाशांनी यादीला जोरदार विरोध केला. हे लोक मैदानावर प्रेम न करणारे होते का? मुळीच नाही. त्यांचे म्हणणे साधे होते : आमच्या इमारती जुन्या झाल्या, दुरुस्ती परवडत नाही, पुनर्विकास अडला तर आम्ही जायचे कुठे? दुसऱ्या बाजूचे म्हणणेही खोटे नव्हते : मैदानाभोवतीच्या बेताच्या उंचीच्या घरांची ओळ गेली आणि टॉवर आले, की तो परिसर पुन्हा तसा होणार नाही. अखेर दिनेश अफझुलपूरकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे हरकतींची सुनावणी झाली.

या प्रकरणातून एक धडा घ्यावा. हरकत घेणारा प्रत्येक जण विकासाचा शत्रू नसतो आणि घर नव्याने बांधू पाहणारा प्रत्येक जण वारशाचा शत्रू नसतो. दोघांचेही ऐकायचे, तर कोणाचे म्हणणे नेमके काय आहे, हे आधी कळले पाहिजे.

आपल्या राज्यात काय आहे?

मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे शहराच्या विकास योजनेचा मसुदा जाहीर करावा लागतो, हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि लोकांना म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. शिवाय केंद्राच्या संरक्षित स्मारकांसाठी १९५८चा कायदा आहे. २०१०च्या दुरुस्तीनुसार स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे, तर त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. तलावाकाठचा राणी कमलापती महाल हे आपल्या शहरातील असे स्मारक आहे.

एक बाब मोठ्यांनीही लक्षात ठेवावी. एकेका इमारतीच्या परवानगीसाठी जाहीर सूचना सहसा निघत नाही. कोणत्या भागात किती उंची चालेल, हे योजनेतच ठरते. म्हणून योजनेचा मसुदा आला की तेव्हाच बोलावे. टॉवरचा पाया खणला गेल्यावर केलेली ओरड उशिराची असते.

हरकत कशी लिहावी?

समजा, एका जुन्या वाड्याच्या दक्षिणेला ६० मीटर उंचीचा, म्हणजे सुमारे वीस मजली टॉवर प्रस्तावित आहे. ‘टॉवर नको, वाड्यावर अंधार पडेल,’ असे लिहिले तर उत्तर येईल, ‘अंधार पडणार नाही.’ संपले! आता भूगोल आणि गणित मदतीला घेऊ. भोपाळ सुमारे सव्वातेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांवर असतो. त्या वेळी ६० मीटर उंचीची सावली उत्तरेकडे सुमारे ६४ मीटर पडते. वाडा ४० मीटरवर असेल, तर तो सावलीत येतो. २१ जूनला मध्यान्ही मात्र सावली जवळजवळ नसते. टॉवर वाड्याच्या उत्तरेला असता, तर ही मध्यान्हीची हरकत टिकलीच नसती.

म्हणून हरकतीत चार गोष्टी असाव्यात : मसुद्यातील कोणती बाब, तिने काय बिघडते, किती बिघडते, आणि त्याऐवजी काय करावे. ‘उंची ३० मीटर ठेवावी किंवा टॉवर मागे सरकवावा’ ही सूचना विचारात घेता येते. नुसता राग विचारात घेता येत नाही.

उत्तर कसे द्यावे?

हे काम अधिक अवघड आहे. आलेल्या हरकती आधी विषयवार लावाव्यात : उंची, सावली, पाणी, रस्ता, जुन्या भिंतींना पाया खणताना बसणारे हादरे. मग प्रत्येकीला चारपैकी एक उत्तर द्यावे : मान्य, अंशतः मान्य, अमान्य, आणि त्याचे कारण, किंवा हा विषय आमच्या अधिकारात नाही, अमुक कार्यालयाकडे जावे. ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे’ हे उत्तर नव्हे, ती पोच आहे. शंभर जणांनी एकच पत्र पाठवले, तर मुद्दा एकच धरावा. पण शंभर जणांना तो महत्त्वाचा वाटतो, हेही लिहावे. आणि एकट्याने मांडलेला मुद्दा बरोबर असेल, तर तो एकट्याचा म्हणून टाकू नये.

ऐकल्याने काय होते? मुंबईचा विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील चुकांवर इतक्या हरकती आल्या, की एप्रिलमध्ये तो मागे घ्यावा लागला. सुधारित मसुदा २०१६ साली आला आणि २०१८ साली मंजूर झाला. जर्मनीतील कोलोन शहरात नदीपलीकडे टॉवर येणार म्हणून तेथील प्राचीन कॅथेड्रल २००४ साली युनेस्कोच्या धोक्यातील वारशाच्या यादीत गेले. शहराने उंचीवर मर्यादा घातल्यावर २००६ साली ते त्या यादीतून बाहेर आले. दोन्हीकडे वेळ गेला. पण चुकीची योजना कागदावर दुरुस्त होते, तशी वीस मजली इमारत दुरुस्त होत नाही.

आम्हां शिक्षकांनाही हा नियम लागू आहे. शाळेविषयी पालकांची हरकत आली, तर आम्ही तिला पोच नव्हे, उत्तर दिले पाहिजे.

स्वाध्याय

१. ४५ मीटर उंच इमारतीची सावली २२ डिसेंबरला मध्यान्ही किती लांब पडेल? आकृती काढून सांगा.
२. वरील टॉवरविषयी वाड्यात राहणाऱ्या आजींच्या वतीने चार वाक्यांची हरकत लिहा.
३. आता तीच वही शेजाऱ्याला द्या. त्याने अधिकारी होऊन कारणासह उत्तर लिहावे. उत्तर पटले नाही, तरी आजींना ते समजले का, हे दोघांनी मिळून ठरवावे.