छापील भाव आणि हाती पडणारा भाव
जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत काय ध्यानात ठेवावे?



वऱ्हाडातील अनेक घरांत आजी-नानीच्या पेटीतून आजही दोन-चार कलदार रुपये निघतात. मुलीचे लग्न, आजारपण किंवा वारसांतील वाटणी अशा वेळी ते बाहेर येतात. कोणीतरी सांगतो की पुस्तकात या नाण्याची किंमत इतके हजार छापली आहे. तेच नाणे अमरावती किंवा अकोल्याच्या सराफ्यात नेले, तर सराफ ते काट्यावर टाकतो आणि चांदीचा भाव सांगतो. विकणाऱ्याला वाटते आपण लुटलो गेलो, आणि सराफाला वाटते गिऱ्हाईक हवेत बोलते. पुष्कळदा दोघेही खोटे नसतात. दोघे दोन वेगळ्या भावांविषयी बोलत असतात.

पुस्तकातला भाव कोणाचा?

अमेरिकेत आर. एस. येओमन नावाच्या जाणकाराने १९४२ साली नाण्यांच्या भावाचे एक पुस्तक काढले. त्याला ‘ब्लू बुक’ म्हणतात. त्यात व्यापारी नाणे घेताना साधारण काय देतो, तो भाव असतो. पुढे १९४६ साली त्याच लेखकाचे ‘रेड बुक’ निघाले. त्यात शौकिनाला तेच नाणे दुकानातून घ्यायला काय पडते, तो भाव असतो. लेखक एक, नाणे एक, पण पुस्तके दोन काढावी लागली. लोक पाहतात तो भाव बहुधा दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे दुकानदाराच्या विक्रीचा असतो.

कापडात हे आपण रोज पाहतो. साडीच्या बॉक्सवर छापलेली किंमत वेगळी, गिऱ्हाईक देते ती वेगळी, आणि तीच साडी कोणी दुकानदाराला विकायला आणली तर तो देईल ती आणखी वेगळी. मधल्या फरकात दुकानाचे भाडे, अडकलेले भांडवल आणि गिऱ्हाईक येईपर्यंतची वाट हे सारे असते. नाण्याचा शौकीन तर वर्षवर्ष फिरकत नाही. लिलावगृहात विकावे म्हटले तर तेही आपले कमिशन कापून घेते.

डागी माल आणि कोरा माल

पुस्तकात एकाच नाण्यापुढे चार-पाच भाव असतात : फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रा फाइन आणि न वापरलेले कोरे. घरची मंडळी नेमका सर्वांत मोठा आकडा वाचतात. कापसाचा हमीभाव जाहीर झाला तरी ओलावा आणि प्रत पाहिल्याशिवाय तो कोणाच्या पदरात पडत नाही, हे आपल्या भागात शेतकऱ्याच्या पोरालाही कळते. नाण्याचेही तसेच आहे.

आपल्याकडचे पुष्कळ रुपये माळेत ओवलेले, कडी डाखलेले किंवा भोक पाडलेले असतात. बंजारा बायांच्या दागिन्यांतून आलेले तर हमखास. काही चिंच-राखेने घासून चकचकीत केलेले असतात. घासलेले नाणे घरच्यांना नवे दिसते, पण जाणकाराच्या लेखी ते डागी असते.

समजा, पुस्तकातला सर्वांत मोठा आकडा १०,००० आहे. आपल्या नाण्याच्या अवस्थेपुढे त्याच पुस्तकात ४,००० आहेत. व्यापारी ते २,५०० ला मागतो. यात लबाडी असेलच असे नाही.

जुने म्हणजे दुर्मीळ नव्हे

राणीछाप रुपयावर १८६२ साल दिसले की लोक हरखतात. परंतु १८७४ पर्यंत रुपयांवर तेच साल टाकले जात होते, म्हणून असे रुपये अमाप आहेत. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली. तेव्हा अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याने आपले कोट्यवधी डॉलर वितळवून ती चांदी हिंदुस्थानसाठी इंग्रजांना विकली. त्यामुळे त्या काळचे राजाछाप रुपयेही थोडेथोडके नाहीत.

याउलट १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली आणि मुसलमानांत नाराजी पसरली. सरकारने बहुतेक रुपये वितळवले आणि १९१२ पासून आकृती सुधारली. म्हणून १९११ चा रुपया वयाने धाकटा असून भावाने थोरला आहे. १९३९ चा रुपया तर त्याहून दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकला फार.

स्थळ, काळ आणि कायदा

क्राउस आणि मिश्लर यांच्या १९७२ साली सुरू झालेल्या प्रसिद्ध कॅटलॉगात भाव डॉलरमध्ये असत. पण आपल्या १९७२ च्याच पुरातन वस्तूंच्या कायद्याने शंभर वर्षांवरील नाणे खाजगी माणसाला देशाबाहेर विकता येत नाही. तेव्हा परदेशातला भाव आपल्या कामाचा नाही. अचलपूरच्या, म्हणजे जुन्या एलिचपूरच्या टांकसाळीचे नाणे पुस्तकात सापडेल, पण त्याचा जाणता गिऱ्हाईक मिळणे हे निराळे काम आहे.

छापलेले पुस्तक वर्षभर तोच आकडा सांगते आणि चांदी रोज बदलते. जानेवारी १९८० मध्ये चांदी आकाशाला भिडली आणि मार्चमध्ये कोसळली. अशा वेळी छापील भाव कधी बाजाराच्या खाली राहतो, कधी वर.

शरीअतची दृष्टी

लोकांनी भाव ठरवून देण्याची विनंती केली, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी ती मान्य केली नाही. भावाचा चढ-उतार अल्लाहच्या हाती आहे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. म्हणून पुस्तकातला आकडा व्यापाऱ्यावर बंधनकारक नाही, आणि वाजवी नफा हलाल आहे. परंतु त्यांनीच माल घेऊन येणाऱ्या काफल्याला गावाबाहेर गाठून, त्याला बाजारभाव कळण्याआधी खरेदी करण्यास मनाई केली. असा सौदा झाला तर बाजारात पोहोचल्यावर तो मोडण्याचा हक्क विकणाऱ्याला दिला. एखादी विधवा किंवा कारागीर १९११ चा रुपया घेऊन आला आणि आपण ओळखूनही तो मुकाट्याने वजनावर घेतला, तर आपण त्याच काफल्याच्या वाटेवर उभे आहोत.

सर्वांत नाजूक जागा वारसाची आहे. भाऊ दुकान आणि रोकड ठेवतो आणि पुस्तकातला मोठा आकडा लावून नाणी बहिणीच्या वाट्याला घालतो. ती विकायला गेली की हाती चौथा हिस्साही येत नाही. उलट कुठे दुर्मीळ नाण्याला चांदीचा भाव लावून ते भाऊ स्वतःकडे ठेवतो. दोन्हींत बहिणीचा हक्क मारला जातो. वाटणीत तोच भाव धरावा, जो त्या दिवशी खरोखर हातात पडेल. व्यापारासाठी ठेवलेल्या नाण्यांची जकातही पुस्तकावर नव्हे, बाजारभावावर काढावी. तपशील आपल्या आलिमांना विचारावा.

काय करावे?

१) किमान किंमत स्वतः काढा. १९३९ पर्यंतच्या कलदार रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. त्याला त्या दिवशीच्या भावाने गुणा. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच आहे. नाणे झिजलेले असेल तर तेवढे वजन कमी धरा.
२) नाणे घासू नका, कडी काढू नका.
३) तीन ठिकाणी दाखवा : एक सराफ, एक नाण्यांचा व्यापारी, एक शौकीन. खामगावच्या चांदी बाजारात भाव विचारायलाही हरकत नाही.
४) छापील आकडा नव्हे, तसेच नाणे नुकतेच कितीला विकले गेले ते विचारा.
५) जुन्या नाण्याचे लाखो देतो, आधी फी भरा, असे कोणी म्हटले तर एक पैसाही देऊ नका. रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये अशा ठगांपासून सावध केले आहे.
६) जमिनीत सापडलेले धन विकू नका. १८७८ च्या कायद्याने त्याची खबर कलेक्टरला द्यावी लागते.

छापील भाव ही चौकशीची सुरुवात आहे. सौदा मात्र दोघांनी जाणून आणि राजीखुशीने केलेला असावा. अशाच सौद्यात बरकत असते.