सांधेदुखीसाठी ‘कॅन्सरची गोळी’?

प्रश्न : माझे वय ४२. चार महिन्यांपासून सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटे तासभर आखडलेली असतात. पोळ्या लाटणेही जमत नाही. डॉक्टरांनी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असल्याचे सांगून मेथोट्रेक्सेट सुरू केले. ही कॅन्सरची गोळी आहे, असे शेजारीण म्हणते. घ्यावी का?

उत्तर : घ्यावी. कॅन्सरमध्ये हे औषध बऱ्याच मोठ्या मात्रेत देतात. सांध्यांसाठी साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम पुरते, तेही आठवड्यातून एकदाच. तुमचा आजार वयोमानाच्या झिजेचा नाही. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. वेदनाशामक गोळीने ठणका थांबतो, पण सांध्याची हानी चालूच राहते. ती रोखायला मेथोट्रेक्सेट लागते. गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर धीर सोडू नका.

गोळीचा वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. फॉलिक ॲसिड सांगितल्याप्रमाणे घ्या, रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या चुकवू नका. गरोदरपणात हे औषध वर्ज्य आहे. तशी शक्यता असल्यास आधीच सांगा. ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला किंवा धाप लागल्यास पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांना गाठा.

दही-चिंच सोडून हा आजार जात नाही. शंका आली तर शेजारणीला नव्हे, तुमच्या संधिवाततज्ज्ञांना विचारा.