घड्याळे गेली, घंटा राहिली

वसई पूर्वेला आमचे कापडाचे गोदाम आहे. दोन वर्षांपूर्वी एका रात्री मीटरपाशी वायर जळून तागे पेटले. भिंतीवर फायर अलार्म होता, पण घंटा वाजली नाही. शेजारच्या गाळ्यातील कारागिरांना धूर दिसला म्हणून, अल्लाहचे शुक्र, नुकसान चौदा ताग्यांवर निभावले. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने पॅनल उघडून दाखवले. मीटर जळाल्याने वीज गेली होती आणि अलार्मची बॅटरी तर कधीच संपलेली. पॅनलवरचा पिवळा दिवा तेच सांगत होता. आम्ही त्यावर कॅलेंडर टांगले होते.

त्या फजितीनंतर हा माल बनवणाऱ्यांचा इतिहास आम्ही वाचायला घेतला. त्यात इंग्लंडमधील लेस्टरच्या जेंट कंपनीची हकिकत व्यापारी बांधवांनी ऐकण्याजोगी आहे. लेस्टर होजिअरीचे शहर, आपल्या कापडवाल्यांना नाव परके नाही. तेथे 1872 साली जॉन थॉमस जेंट यांनी विजेच्या घंटा बनवण्याचा धंदा सुरू केला. पुढे घड्याळे आली. ‘पल-सिन-एटिक’ नावाची त्यांची पद्धत अशी, की एक मुख्य घड्याळ दर अर्ध्या मिनिटाला तारेतून विजेचा एक ठोका पाठवते आणि इमारतीतील सर्व घड्याळांचे काटे एकदम पुढे सरकतात. एका इमामाच्या तकबीरवर साऱ्या सफा झुकाव्यात तसे.

मनोऱ्यावरच्या घड्याळाची अडचण वेगळी होती. काटे अवजड, वर वारा आणि बर्फ. एका ठोक्याने ते हलेनात. मग त्यांनी असे यंत्र केले, की ते काटे मुद्दाम थोडे जलद ढकलते, अर्धा मिनिट भरायच्या काही सेकंद आधीच पोहोचते आणि मुख्य घड्याळाचा ठोका येईपर्यंत थांबून राहते. वारा आडवा आला तर हे राखीव सेकंद कामी येतात. लिव्हरपूलच्या रॉयल लिव्हर इमारतीवर 1911 साली त्यांचीच घड्याळे बसली. तबकडी 25 फूट रुंद, लंडनच्या बिग बेनपेक्षाही मोठी. वर चढवण्याआधी एका तबकडीचे टेबल करून पाहुण्यांना जेवू घातले होते. जाहिरात कशी करावी हे त्या लोकांना कळत होते!

पण नंतर भिंतीतल्या विजेवर चालणारी स्वस्त घड्याळे निघाली, आणि 1970 नंतर एका सेलवर चालणारी क्वार्ट्झ. आपल्या बाजारात मोरबीची घड्याळे आली तेव्हा काय झाले ते आपण पाहिलेच आहे. मग एका घड्याळासाठी साऱ्या इमारतीतून तार कोण ओढणार?

जेंट बुडाली नाही, कारण ती फायर अलार्मही बनवत होती. घड्याळ असो वा आगीची घंटा, हुन्नर एकच: एका जागेची खबर तारेने शंभर जागी, न चुकता पोहोचवणे. मालक बदलत गेले, 2005 साली कारखाना हनीवेलच्या ताब्यात आला, पण फायर अलार्मवर जेंट हे नाव आजही आहे. आपल्याकडे जरीचे काम बंद पडले की कारागीर म्हणतो, धंदा गेला. खरे तर जरी गेलेली असते, बारीक कामाचा हात तसाच असतो.

अलार्मच्या तारेतून थोडी वीज सतत खेळती ठेवतात. तार तुटली की ती थांबते आणि पॅनलवर खूण उमटते, म्हणजे बिघाड आग लागण्याआधीच कळतो. ही युक्ती एकट्या जेंटची नव्हे, चांगल्या पॅनलमध्ये ती असतेच. मात्र खूण पाहणारा माणूस हवा.

आम्ही बॅटरी बदलली, कॅलेंडर काढले. आता दर जुम्याला नमाजला निघण्यापूर्वी बटण दाबून घंटा वाजवतो. पहिल्यांदा शेजारचे गाळेवाले धावत आले. दोन-तीन आठवड्यांनी कोणी मानही वर करेना, हे त्याहून वाईट. म्हणून वेळ ठरवून दिली आहे: पावणेबारा, फक्त एकदा. इतर वेळी वाजली तर हातचे काम टाकून या, असे सर्वांना सांगितले आहे.