मोबाइलवर मांडलेलं पायताण

१. घट्ट बसणारं पायताणच पुढं टिकतं, हे गल्ल्यावर बसून सांगता येतं. फोटोतून नाही सांगता येत. निपाणीतल्या दुकानात मी कापशी चप्पल वाकवून दाखवतो, वादीची शिवण बोटानं चाचपायला लावतो आणि म्हणतो, ‘काका, चार दिवस चावंल, मग पायाचा आकार घेईल.’ काका मान डोलावतात. मोबाइलवरून मागवलेला तसलाच जोड ‘टाइट आहे’ म्हणून परत येतो, तळाला अंगणाची माती घेऊन. जाण्यायेण्याचं भाडं बहुतेक वेळा आमच्याच हिशेबातून वळतं होतं. मग आम्हीही तो खर्च किमतीत धरतो. म्हणजे दुसऱ्यानं परत केलेल्या जोडाचे पैसे, जोड ठेवून घेणारं गिऱ्हाईक भरतं. हे कळल्यापासून ‘मोफत परत’ हे शब्द मला जड वाटतात.

२. नाव मिळालं म्हणजे भाव मिळाला असं नाही. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्यात आमचा बेळगाव जिल्हाही आला. तरी मोबाइलवर ‘कोल्हापुरी’ शोधलं की हातशिलाईच्या जोडाशेजारी रेक्झिनचा माल निम्म्या किमतीत उभा असतो. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानमध्ये तसली चप्पल दाखवली तेव्हा देशभर ओरड झाली. पण रेक्झिनची ही रोजची नक्कल कारागिराची मजुरी खाते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

३. मोबाइलवर कितीही माल असला तरी, तंबाखूची पट्टी झाल्यावर, म्हणजे पीक विकल्याचे पैसे हाती आल्यावर, उधारी भागवणारं गिऱ्हाईक अजून आमचंच आहे.

४. कर्नाटक-महाराष्ट्राची सीमा मला दुकानात कधी जाणवली नाही, ऑनलाइन विकताना जाणवली. कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्रातलं कागल. निपाणीपासून विसेक किलोमीटर. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथं बाजाराला येतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही ऑनलाइन माल विकता येतो, पण आपल्या राज्यापुरताच. निपाणीच्या अशा कारागिराला ५०० किलोमीटरहून लांबच्या बेंगळुरूला जोड पाठवता येतो. कागलला पाठवायचा तर आधी नोंदणी, मग दरमहा नाहीतर तिमाहीला विवरणपत्रं. हाताला कातड्याचा वास असलेल्या माणसानं ते कधी भरायचं? सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेनं अशांची नोंदणी सोपी करायचं तत्त्वतः मान्य केलंय. ते सीमेवरच्या गावांपर्यंत लवकर पोचवा, एवढीच विनंती.