पिलू ओळखावे, मग हिशेब मांडावा

परसातील कुक्कुटपालन हा अल्प भांडवलात सुरू होणारा जोडधंदा. तथापि अंड्यांच्या आशेने आणलेल्या पिलांपैकी निम्मे कोंबडे निघाले, तर उत्पन्नाचा सारा अंदाज चुकतो. म्हणून पिलाची जात आणि लिंग यांची तोंडओळख प्रत्येक पालकास असणे आवश्यक आहे.

नर की मादी?

लिंगभेद न करता घेतलेल्या १०० पिलांत सुमारे ५० नर असतात. अंड्याच्या टोकावरून किंवा आकारावरून आतील पिलाचे लिंग कळते, हा समज निराधार आहे. एक दिवसाच्या पिलाचे गुदद्वार तपासून लिंग ठरविण्याची पद्धत जपानी संशोधकांनी १९२० च्या दशकात विकसित केली. ती कुशल हातांचेच काम आहे. अननुभवी व्यक्तीने दाब दिल्यास पिलू दगावू शकते. पंखांच्या पिसांची लांबी किंवा लवेचा रंग यांवरूनही लिंग कळते. परंतु केवळ त्यासाठी खास संकर केलेल्या पिलांतच. गावठी पिलांना हा नियम लावू नये.

घरी निरीक्षण करणाऱ्याने धीर धरावा. सुमारे ५ ते ६ आठवड्यांनंतर नराचा तुरा लाल व मोठा होऊ लागतो, पायही जाड दिसतात. पुढे कमरेवरील पिसे नरात लांब व टोकदार, तर मादीत रुंद व गोलसर येतात. एकाच लक्षणावर विसंबू नये; एकाच वयाची व एकाच जातीची पिले शेजारी ठेवून तुलना करावी.

जात कोणती?

व्हाइट लेगहॉर्न पांढरी, मोठ्या एकेरी तुऱ्याची. ऱ्होड आयलंड रेड गडद तांबडी. असील उंच, ताठ मानेची. तिचा तुरा लहान असल्याने नर उशिरा ओळखू येतो. कडकनाथचा काळेपणा पिसांपुरता नसून त्वचा, जीभ व मांसातही असतो. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतर मात्र प्रत्येक काळे पिलू कडकनाथ समजणे महागात पडेल. संकरित पिलेही काळी असू शकतात.

हैदराबादच्या संशोधन संस्थेची 'वनराजा' व 'ग्रामप्रिया', चंडीगडच्या केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेचा 'चाब्रो' ही रंगीत पिलेही लहानपणी सारखीच भासतात. परंतु ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी, तर चाब्रो मांसासाठी आहे. येथे डोळ्यांपेक्षा उबवणी केंद्राची पावती अधिक विश्वासार्ह ठरते.

निवड आणि कर्ज

महाराष्ट्र शासनाच्या एकात्मिक कुक्कुट विकास कार्यक्रमात दोन प्रकारचे गट ठरविण्यात आले: एक दिवसाची १०० पिले, अथवा ८ ते १० आठवडे वयाच्या २५ तलंगा व ३ नर. पहिल्यात पिलू स्वस्त पडते. परंतु लिंग अज्ञात आणि मरतुकीचा धोका अधिक. दुसऱ्यात किंमत जास्त. मात्र नर-मादी डोळ्यांनी पारखून घेता येतात.

कर्जाची मागणी करताना पिलांची एकूण संख्या नव्हे, तर अंड्यावर येणाऱ्या माद्यांची संख्या धरावी. तलंगा साधारणतः ५ ते ६ महिन्यांच्या झाल्यावर अंडी देऊ लागतात. हप्त्यांचा आरंभही त्यानुसार ठरवावा. शाखेतील अधिकाऱ्यांनीही प्रस्तावासोबत पिलांच्या जातीची व वयाची नोंद असलेली पावती अवश्य पाहावी. कोंबडा मांसासाठी विकता येतो, परंतु अंड्यांचा हप्ता तो फेडू शकत नाही.