नेम धरण्यापूर्वी : नेमबाजीच्या मैदानावरील सुरक्षेची शिस्त

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिक स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी गावचा नेमबाज स्वप्नील कुसळे याने ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळविले. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत मिळविलेल्या पदकानंतर, बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला लाभलेले हे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होय. वडील शिक्षक, आई गावची सरपंच आणि खेळाचे शिक्षण शासनाच्या नाशिक येथील क्रीडा प्रबोधिनीत, अशी ही घडण आहे. त्यापूर्वी अंजली भागवत यांनी २००० साली सिडनी येथे अंतिम फेरी गाठली होती आणि २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी म्युनिक येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले होते.

अशा यशानंतर शाळा, महाविद्यालये आणि क्रीडा मंडळे यांच्याकडे नेमबाजीची सोय करण्याविषयी विचारणा होऊ लागते, हे स्वाभाविक आहे. प्रस्ताव येतो तो मुख्याध्यापकांपुढे, पंचायतीपुढे किंवा क्रीडा अधिकाऱ्यांपुढे. जागा किती, खर्च किती, प्रशिक्षक कोण, याची चर्चा होते. सुरक्षिततेसाठी मात्र ‘योग्य ती काळजी घेण्यात येईल’ एवढे एक वाक्य लिहिलेले असते. ही योग्य ती काळजी म्हणजे नेमके काय, हे स्वतः नेमबाज नसलेल्या माणसालाही तपासता आले पाहिजे; आणि ते तपासता येते.

अंतर आणि शस्त्र

नैऋत्य नागपुरातील प्रताप नगर ही घरे, शाळा आणि दुकाने यांनी भरलेली वसाहत आहे. अशा वसाहतीत नेमबाजीचा कोणता प्रकार चालू शकेल आणि कोणता मुळीच चालणार नाही, हा पहिला प्रश्न. १० मीटर अंतरावरील हवाई रायफल व हवाई पिस्तूल हा प्रकार बंद दालनात होतो. त्यात ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा दाबलेल्या हवेच्या जोरावर सुटतो. रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. भक्कम भिंती, छर्रे झेलणारी पेटी आणि मागच्या बाजूला असलेला एकच दरवाजा एवढे असेल, तर पंधरा-सोळा मीटर लांबीच्या दालनात हा सराव निर्धोकपणे होऊ शकतो.

पॉइंट टू टू, म्हणजे ५.६ मिलिमीटरच्या काडतुसाची गोष्ट निराळी आहे. २५ मीटर पिस्तूल आणि ५० मीटर रायफल या प्रकारांत हे काडतूस वापरतात. ते दिसायला लहान असते, शेंगेएवढे; त्यामुळे त्याविषयी फाजील निर्धास्तपणा असतो. वस्तुतः मोकळ्या जागेत त्याची गोळी सुमारे दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. प्रताप नगरच्या मध्यावरून हे अंतर मोजले, तर भोवतालच्या कित्येक वस्त्या त्यात येतील. शिवाय शिशाची ही गोळी कठीण जमिनीवर, दगडावर किंवा पाण्यावर तिरपी आदळल्यास उसळून भलतीकडे जाते. म्हणून या शस्त्राच्या मैदानाला लक्ष्यामागे दगडगोटे नसलेल्या मातीचा उंच बांध, दोन्ही अंगांना भिंती आणि वर जाणारी गोळी अडविणारे आडोसे लागतात. गावाबाहेरची गायरान जमीन स्वस्त मिळाली एवढ्यावर मैदान होत नाही. बांधापलीकडे पायवाट आहे काय, गुरे कोठे चरतात, सरपणासाठी कोण जाते, हे पंचायतीच्या सदस्यांनाच ठाऊक असते. नकाशावर ते दिसत नाही.

रिकामी बंदूक दिसली पाहिजे

नेमबाजीच्या मैदानावरील नियम पुष्कळ असले, तरी बहुतेकांचे मूळ एका तत्त्वात आहे. बंदूक रिकामी आहे असे धारकाने सांगणे पुरेसे नाही. ती रिकामी असल्याचे दुसऱ्याला दिसले पाहिजे. अपघातानंतर ‘बंदूक रिकामी आहे असे वाटले होते’ हे वाक्य जगभर ऐकू येते. माणसाची स्मृती चुकते, विशेषतः थकव्यात आणि गप्पांच्या नादात. म्हणून आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत स्मृतीवर काहीच सोपविलेले नाही.

या तत्त्वाचे सर्वांत साधे साधन म्हणजे सुरक्षा-दोरी. ठसठशीत नारिंगी रंगाची ही दोरी किंवा पट्टी प्रत्यक्ष सराव चालू नसताना बंदुकीत घातलेलीच असली पाहिजे. काडतुसाच्या बंदुकीत ती काडतूस बसण्याच्या जागी घालतात. हवाई बंदुकीत मात्र ती नळीच्या संपूर्ण लांबीतून जाऊन तोंडातून बाहेर डोकावली पाहिजे, असा नियम आहे. छर्रा इतका बारीक असतो की तो नळीत अडकला आहे की नाही, हे वरून कळत नाही. दोरी आरपार गेली याचा अर्थ नळीत काही नाही. दालनाच्या दारात उभ्या असलेल्या शिक्षकालाही वीस पावलांवरून हे समजते. किंमत नगण्य, उपयोग मोठा.

बंदुकीला सुरक्षा-खटका आहे, मग दोरी कशाला, असा प्रश्न पालक विचारतात. खटका हे यंत्र आहे आणि यंत्र झिजते, हे एक उत्तर. दुसरे असे की, स्पर्धेच्या बऱ्याच बंदुकांना असा खटका नसतोच. त्यातच स्पर्धेच्या बंदुकीचा चाप अतिशय हलका असतो. हवाई पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅम आणि २५ मीटर पिस्तुलाला १००० ग्रॅम भार पेलता आला पाहिजे, असा दंडक आहे. १० आणि ५० मीटरच्या रायफलींच्या चापाला तर किमान भाराची अटच नाही. म्हणून नेम धरून मन निश्चित होईपर्यंत बोट चापावर ठेवायचे नाही आणि नळीचे तोंड क्षणभरही लक्ष्याच्या दिशेखेरीज अन्यत्र वळवायचे नाही, या दोन सवयी नवशिक्या मुलांना पहिला छर्रा हातात देण्याआधी लावाव्या लागतात. नेम मागाहून शिकविता येतो.

गोळीबाराची रेषा

मैदानावर एक रेषा आखलेली असते. नेमबाज तिच्या मागे, लक्ष्ये तिच्या पुढे. रेषेपुढे एकही माणूस असेल, तर रेषेमागे कोणीही बंदुकीला हात लावायचा नाही. ती रिकामी असली तरी नाही, पुसण्यासाठी नाही, नेम कसा दिसतो ते पाहण्यासाठीही नाही. सर्व बंदुका उघड्या, दोरी घातलेल्या आणि खाली ठेवलेल्या. माणसे त्यांच्यापासून मागे सरलेली. रेषेपुढे कोण गेले आणि सर्व परत आले काय, हे मोजण्याचे काम एकाच ठरावीक माणसाचे असते. दोघांवर सोपविलेले काम कोणीच करीत नाही, हा शाळेच्या सहलीतला अनुभव येथेही खरा ठरतो.

या नियमाचे गांभीर्य राज्याने अनुभवलेले आहे. २०१३ साली पुण्यात राष्ट्रीय छात्रसेनेच्या गोळीबार सरावात एका शाळकरी मुलाच्या डोक्याला गोळी लागली आणि पुढे त्याचा मृत्यू झाला. छात्रसेनेची कार्यपद्धती काटेकोर आहे. लाल निशाणे, दारूगोळा वाटणारी तुकडी, लक्ष्यांजवळची तुकडी, आज्ञा देणारा अधिकारी, सारे ठरलेले असते. तरीही असे घडू शकते. मग ‘आमच्याकडे फक्त छर्र्याची बंदूक आहे’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्या मंडळाने किती सावध असावे, याचा विचार त्याच्या चालकांनी करावा. छर्र्याने डोळा जातो.

दालनातील सरावात एक सोय मोठ्या उपयोगाची आहे. लक्ष्याचा कागद दोरी-कप्पीवर बसवून हाताने किंवा मोटारीने मागेपुढे नेता येतो. खर्चाच्या दृष्टीने ती विद्युत-लक्ष्यांच्या मानाने साधी, पण तिच्यामुळे कोणालाही रेषेपुढे जावेच लागत नाही. अंदाजपत्रकात काटछाट करायची झाल्यास ती या कप्पीत करू नये. रेषेपुढील भागात उघडणारे दार किंवा खिडकी असेल, तर ती कायमची बंद करावी. सरावाच्या वेळी कुलूप घालू, असे आश्वासन मान्य करू नये. किल्ली ज्या शिपायाकडे असते तो एखादे दिवशी रजेवर असतोच.

आज्ञा आणि थांबणे

सरावाचा क्रम आज्ञांवर चालतो. ‘लोड’ म्हटल्यावाचून बंदूक भरायची नाही, ‘स्टार्ट’ म्हटल्यावाचून गोळी सोडायची नाही, ‘स्टॉप’ म्हटल्यावर त्याच क्षणी थांबायचे आणि ‘अनलोड’ म्हटल्यावर बंदूक रिकामी करून उघडी दाखवायची. हवाई बंदुकीत एका वेळी एकच छर्रा घालायचा. मैदान अधिकाऱ्याने स्वतः तपासल्याशिवाय कोणी जागा सोडून जात नाही. बंदूक न भरता चाप ओढण्याचा कोरडा सरावही केवळ रेषेवर किंवा त्यासाठी नेमलेल्या जागीच, अनुमतीने करावयाचा असतो. घरी आरशापुढे तो करणाऱ्या मुलांना याची जाणीव द्यावी.

‘थांबा’ म्हणण्याचा प्रश्न आपल्याकडे अधिक नाजूक आहे. धोका दिसताच खेळाडूने तो तत्काळ अधिकाऱ्यांच्या ध्यानी आणून द्यावा, असे नियम सांगतात. पण आठवीतील मुलगी पाहुण्या अधिकाऱ्याला, किंवा माजी सैनिक असलेल्या वयोवृद्ध प्रशिक्षकाला, ‘सर, नळी इकडे वळली आहे’ असे म्हणेल काय? बहुधा संकोचेल. म्हणून पहिल्याच दिवशी प्रशिक्षकाने सर्वांसमक्ष मुलांकडून तसे म्हणवून घ्यावे, आणि कोणी चुकून थांबविले तरी त्याला बोल लावू नये. उद्घाटनाच्या दिवशी हौसेने बंदूक हाती घेणाऱ्या मान्यवरांनाही रेषेचे नियम तंतोतंत लागू असतात. अशा प्रसंगी छायाचित्रासाठी नळी कॅमेऱ्याकडे वळविली जाते, ती तर मुळीच वळू देऊ नये.

काडतुसाच्या बंदुकीत आणखी एक धोका आहे. चाप ओढला पण गोळी सुटली नाही, तर बंदूक लगेच उघडायची नाही. काही वेळा दारू उशिरा पेट घेते. नळी लक्ष्याकडेच धरून सुमारे अर्धा मिनिट थांबावे, अधिकाऱ्याला हात करावा, मगच काडतूस काढावे. याहून फसवा प्रकार म्हणजे आवाज नेहमीपेक्षा दबका येणे. अशा वेळी गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी गोळी सोडली, तर नळी फुटते. वेगळा आवाज आला की थांबायचे आणि नळी आरपार पाहायची, हे मुलांना कारणासह सांगितले, तर ते ध्यानात राहते.

कान, डोळे आणि हात

काडतुसाच्या मैदानावर कानांचे संरक्षण नेमबाजाइतकेच शेजारी उभ्या असलेल्यालाही हवे. त्या आवाजाने झालेली श्रवणहानी भरून येत नाही. कठीण पाट्यावरून परतणाऱ्या छर्र्याच्या तुकड्यांपासून बचावासाठी डोळ्यांवर चष्मा असावा. दाबलेल्या हवेच्या नळकांड्यांवर निर्मात्याने वापराची मुदत छापलेली असते. ती सामान्यतः दहा वर्षांची असते. जुनी बंदूक देणगीदाखल स्वीकारताना ही तारीख प्रथम वाचावी.

शिशाकडे मात्र जवळजवळ कोणाचेच लक्ष नसते. छर्रे हाताळून तोच हात डब्यातील पोळीला लावणे, छर्रे ओठांत धरणे, लक्ष्यपेटीजवळची धूळ कोरडी झाडणे, या साऱ्यांतून शिसे पोटात आणि श्वासात जाते. वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूला ते अपायकारक आहे. दालनात खाणे-पिणे नको, सरावानंतर साबणाने हात धुण्याची सोय हवी आणि फरशी ओल्या फडक्याने पुसली जावी. पेटीतील शिसे मोडीत देतानाही ते मुलांकरवी वेचून घेऊ नये.

परवाना आणि नोंदी

शस्त्रास्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील २०१६ चे नियम यांनुसार काडतुसाची शस्त्रे बाळगण्यास परवाना लागतो. तो जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी आणि नागपूरसारख्या शहरात पोलीस आयुक्त देतात. नेमबाजी मंडळे आणि गोळीबाराची मैदाने यांच्यासाठीही परवान्याची तरतूद आहे. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही, आणि नेमकी येथेच जबाबदारी वाढते. कायदा जेथे दार ठोठावत नाही, तेथे नियमपुस्तक मंडळाने स्वतःच ठेवायचे असते. निष्काळजीपणे किंवा आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली आहे. वरातीत हवेत झाडलेली गोळी कोठेतरी खाली येतेच.

भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष होते आणि त्यांच्या नावाने आजही अखिल भारतीय स्पर्धा भरते. नवे मंडळ सुरू करणाऱ्यांनी जिल्हा आणि राज्य संघटनेशी प्रथम संपर्क साधावा. नागपूरकरांना आणखी एक आधार जवळच आहे. कामठी येथील राष्ट्रीय छात्रसेनेच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीत शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक सहयोगी अधिकारी होण्याचे शिक्षण घेतात. असा शिक्षक शाळेत असेल, तर मैदानाची शिस्त त्याच्याकडे सोपवावी.

नोंदवही दोन भागांची असावी. एकीत कोण आले, कोणती बंदूक घेतली, केव्हा परत केली आणि कोणी तपासली, हे लिहावे. दुसरीत काडतुसांचा हिशेब. बंदुका एका कपाटात, काडतुसे दुसऱ्या कपाटात आणि किल्ल्या दोन माणसांकडे. छात्रसेनेत गोळीबारानंतर प्रत्येक छात्र आपल्याजवळ जिवंत काडतूस किंवा रिकामी पुंगळी नसल्याचे अधिकाऱ्यासमोर सांगतो. दिली पाच, तर पुंगळ्या आणि न उडालेली काडतुसे मिळून पाच परत आली पाहिजेत. चार आली, तर पाचवे सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही; गवत बोटांनी चाचपावे लागले तरी चालेल.