शूटचा प्रारंभ

बास्केटबॉलमध्ये फाउल शूटच्या क्रियेपूर्वी झाला की क्रियेत, यावर बहुधा फ्री थ्रो मिळणे अवलंबून असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, खेळाडू चेंडू बास्केटच्या दिशेने वर नेऊ लागला, असे पंचांना दिसताच ही क्रिया सुरू होते. धावत आत शिरणाऱ्याच्या बाबतीत ड्रिबल संपून चेंडू हातात स्थिरावलेला असावा व शूटची हालचाल सुरू झालेली असावी. प्रतिस्पर्ध्याने हात धरल्याने चेंडू सुटलाच नाही, तरीही तो प्रयत्नच गणला जातो. धम्मात आपण चेतनेला कर्म मानतो. पंचांना मात्र चेतना दिसत नाही. हाताच्या हालचालीवरूनच ती ओळखावी लागते. म्हणून पंचगिरी शिकताना आपण दृष्टी चेंडू धरणाऱ्या हातांवर स्थिर ठेवावी. बास्केट झाली की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न.